दुर्बिणीचे सेट

मॅडमनी भिंतीवर आलेख दाखवला तेव्हा सगळ्यांत उंच खांब मुकादमांच्या विभागाचा निघाला. बाकीचे खांब त्याच्या गुडघ्याएवढे.

मुकादम हे काही त्यांचं नाव नव्हे, हुद्दाही नव्हे. कागदोपत्री ते हॉस्पिटलमधल्या धुण्याच्या विभागाचे प्रमुख होते. पण हाताखालच्या अकरा माणसांना ते रोज सकाळी रांगेत उभं करून अशी काही कामं वाटायचे, की कोणीतरी हे नाव पाडलं आणि ते कायमचं चिकटलं. ऑपरेशन झालं की वापरलेली हत्यारं ट्रेमधून त्यांच्याकडे यायची. तिथे ती धुतली जायची, पुढच्या खोलीत तपासून बांधली जायची, वाफेच्या यंत्रातून निघायची आणि परत ऑपरेशन थिएटरात जायची. एका ऑपरेशनची हत्यारं म्हणजे एक सेट. प्रत्येक सेटला बारकोड होता. तो सेट विभागात आला की, धुवायला घेतला की आणि धुऊन झाला की स्कॅन करायचा, असा नियम.

"सेट वेळेवर मिळत नाहीत म्हणून ऑपरेशनं पुढे ढकलावी लागतात," मॅडम म्हणाल्या. त्या सगळ्या खात्याच्या व्यवस्थापक. वयाने तरुण, बोलायला सरळ, आवाज कधी न चढवणाऱ्या. "आणि सगळ्यांत जास्त वेळ सेट तुमच्याकडे अडकतात. बाहेरची एक कंपनी धुण्याचं काम घ्यायला तयार आहे. महिनाअखेरीला ठरवायचंय."

"आणि माझी माणसं?"

"कंपनी त्यातल्या काहींना घेईल."

"काहींना म्हणजे किती जणांना?"

मॅडमनी समोरची पाण्याची बाटली उघडली आणि परत बंद केली. मुकादम काय ते समजले.

"हा आलेख काढला कशावरून?"

"स्कॅनरच्या नोंदींवरून. मी मनाने काही केलेलं नाही, मुकादम."

"मग त्या नोंदी मलाही द्या."

"लाखभर ओळी आहेत त्यात."

"लाखभर ट्रे धुऊन झालेत माझे. ओळींना काय भ्यायचं?"

मॅडम हसल्या. "देते. पण तारीख बदलणार नाही."

"बदलू नका," मुकादम म्हणाले. आपली माणसं कशी हात चालवतात हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. तो खांब चुकीचा आहे याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. फक्त ते सांगायचं कसं, एवढंच त्यांना येत नव्हतं. आणि न येणारी गोष्ट शिकता येते, असं त्यांचं साधं मत होतं.

शिकवणारी घरातच होती. त्यांची लेक एका पार्सल पोचवणाऱ्या कंपनीत होती आणि पार्सलं कुठे अडकतात ते शोधणं हेच तिचं काम. घरात माणसं तीन. मुकादम, लेक आणि सासूबाई. बायको गेल्याला दीड वर्ष झालं होतं. ती गेली तेव्हा सासूबाई पंधरा दिवसांसाठी म्हणून आल्या. मग कोणी त्यांना कधी जाणार म्हणून विचारलं नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही.

रविवारी सकाळी लेकीने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

"बाबा, आधी घरच्या गोष्टीवर शिकू. आठवडाभर मी आपल्या बाथरूमची नोंद ठेवलीय."

"कसली नोंद?" सासूबाईंनी भाजी निवडता निवडता मान वर केली.

"कोण आत गेलं, किती वाजता गेलं, किती वाजता बाहेर आलं."

"अगं, लाज आहे का काही? माझी आंघोळसुद्धा कॉम्प्युटरवर?"

"फक्त वेळ, आजी. बाकी काही नाही."

"वेळ तरी कशाला? जावईबापू, तुमच्या लेकीला आवरा."

मुकादम चष्मा लावून स्क्रीनकडे बघत होते. तीन रकाने होते. कोण, काय झालं, कधी झालं. लेक म्हणाली, की एवढं असलं तरी पुरे होतं. एका माणसाच्या सगळ्या ओळी एकाखाली एक लावल्या की त्याची वाट दिसते. सगळ्यांच्या वाटा एकावर एक ठेवल्या की गर्दी कुठे होते ते दिसतं.

"आता सांगा, सकाळी उशीर कोणामुळे होतो?"

"सरळ आहे. आजीमुळे," मुकादम म्हणाले. "सगळ्यांत जास्त वेळ त्याच आत असतात."

"आजी, आत जाऊन तू पहिलं काय करतेस?"

"करते काय? गिझर लावते आणि स्टुलावर बसते. पाणी तापायला नको? तुम्ही दोघं माझ्या आधी सगळं गरम पाणी संपवून मोकळे होता. मग मी तिथे बसून गाणी म्हणू का?"

लेकीने वडिलांकडे बघितलं. मुकादमांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणजे आंघोळीला त्यांना फार वेळ लागतच नाही."

"नाही. नोंदीत आत आणि बाहेर एवढंच आहे. मधल्या वेळात काम किती आणि वाट बघणं किती, ते नोंद सांगत नाही. ते आजीला विचारावं लागतं."

"दीड वर्षात पहिल्यांदा विचारलंत," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा भाजीत डोकं घातलं.

त्या दिवसापासून मुकादम कामावरून आले की चहा घेऊन लॅपटॉपपुढे बसू लागले. माउस धरताना सुरुवातीला त्यांचा हात अवघडायचा. चार दिवसांत सरावला. ओळी गाळायच्या कशा, एकाच सेटच्या ओळी वेगळ्या काढायच्या कशा, चित्रातला बाण जाड असला म्हणजे त्या वाटेने सेट जास्त जातात, सगळं त्यांनी पक्कं केलं. एखादी गोष्ट अडली की लेकीला हाक मारायचे, पण तिने माउसला हात लावलेला त्यांना चालायचा नाही. "तू तोंडाने सांग. हात माझा."

सरासरी बघू नका, एकेक सेट बघा, असं लेकीने बजावलं होतं. म्हणून ते एका दिवसाच्या ओळी घेऊन वरून खाली वाचत होते. वाचता वाचता थांबले.

"हे बघ गं. एकाच मिनिटाला नऊ सेट धुऊन झाले."

"मशीनने झाले असतील."

"मशीनमध्ये एका वेळी मावतात चार. हे नऊ. आणि त्यानंतर बराच वेळ एकही नाही. मग परत एकदम सात." त्यांनी दुसरा दिवस काढला. तिथेही तेच. तिसऱ्या दिवशीही. मग ते खुर्चीत मागे टेकले आणि त्यांना एवढं हसू आलं, की सासूबाई आतून बाहेर आल्या.

"काय झालं?"

"चहा! ही आमच्या चहाची वेळ आहे. नोंद धुण्याची नाहीच, चहाची आहे."

गोष्ट अशी होती, की धुणाऱ्यांच्या हातात कोपरापर्यंत रबरी मोजे. ओल्या, घाणेरड्या मोज्यांनी स्कॅनर धरायचा नाही, ही मुकादमांचीच शिस्त. ती बरोबरही होती. पण दर सेटला मोजे कोण काढणार? म्हणून माणसं काम करत राहायची, आणि चहाला मोजे काढले की एकजण उठून पॅकिंगच्या फळीवर गेलेल्या सगळ्या सेटवर ओळीने स्कॅनर फिरवायचा. कधीचाच धुऊन पॅकिंगला पोचलेला सेट नोंदीत मात्र चहा होईपर्यंत भिजत पडलेला असायचा. पॅकिंगवाल्यांचे हात कोरडे. त्यांच्या नोंदी चोख. म्हणून त्यांचा खांब बुटका.

दुसऱ्या दिवशी मुकादमांनी सकाळच्या रांगेतच विषय काढला. रांगेत डाव्या टोकाला लांब्या उभा असायचा, विभागातला सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत आळशी दिसणारा, पण कामाला वाघ. उजव्या टोकाला बोलकी. तिचं तोंड झोपेतही चालतं असं तिचा नवराच सांगायचा.

"स्कॅनर कोण फिरवतं?"

"मी," लांब्या म्हणाला. "का? चुकतं का काही?"

"तू चुकत नाहीस. पण तू चहाला उशिरा गेलास की कागदावर आपण सगळे आळशी ठरतो."

"बघा! मी म्हणतच होते, याच्यामुळे आपल्या सगळ्यांचं नाव खराब होतं," बोलकी म्हणाली.

"तू तर स्कॅनरला हातच लावत नाहीस."

"मोजे कोण काढणार? तुझा काका?"

मुकादमांनी दोघांना गप्प केलं आणि देखभालीच्या मिस्त्रीला बोलावलं. संध्याकाळपर्यंत स्कॅनर भिंतीवर, छातीच्या उंचीवर, तोंड खाली करून बसला. आता त्याला हात लावायचं कामच नव्हतं. ट्रे त्याच्याखालून सरकवला की झालं. पहिले दोन दिवस माणसं विसरायची. मग मुकादम तिथेच उभे राहिले. तिसऱ्या दिवशी लांब्या आणि बोलकी एकमेकांवर ओरडायला लागले, "ए, दाखव त्याला!" आणि मुकादमांना तिथे उभं राहायची गरज उरली नाही.

दोन आठवड्यांच्या खऱ्या नोंदी हातात आल्या तेव्हा त्यांनी नवं चित्र स्वतः काढलं. लेक फक्त शेजारी बसली. धुण्याचा खांब निम्म्याहून खाली आला होता. मुकादमांनी टेबलावर थाप मारली.

"बघ! म्हटलं नव्हतं?"

"अजून पॅकिंगपेक्षा उंच आहे, बाबा."

"असेल थोडा."

"थोडा नाही. बहुतेक सगळे सेट भराभर जातात. पण काही फारच रेंगाळतात. ते कोणते, बघा ना."

त्यांनी गाळून बघितलं. रेंगाळणारे सगळे सेट एकाच जातीचे निघाले. दुर्बिणीच्या ऑपरेशनचे. लांब, बारीक, आतून पोकळ नळ्यांचे सेट. ते विभागात यायचे सकाळी आणि धुवायला घेतले जायचे दुपारी. धुवायला वेळ फार नव्हता लागत. नुसते पडून असायचे. आणि दुर्बिणीची ऑपरेशनं दिवसेंदिवस वाढत होती.

मुकादमांचं डोकं फिरलं. नळ्यांचं काम किचकट, म्हणून कोणीतरी अंग चोरतंय, त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते थेट बोलकीपुढे उभे राहिले.

"दुर्बिणीचे सेट दुपारपर्यंत का पडून असतात?"

बोलकीने उत्तर दिलं नाही. हे कधी झालं नव्हतं. तिने लांब्याकडे बघितलं. लांब्या सिंकमध्ये बघायला लागला. बाकीची माणसंही आपापल्या कामात एकदम गढून गेली.

"अरे, मी विचारतोय. तोंडाला कुलूप लागलं का सगळ्यांच्या?"

"ते तुमचे सेट आहेत ना, मुकादम," लांब्या हळू आवाजात म्हणाला.

"माझे म्हणजे?"

"वहिनींच्या टेबलाचे."

खिडकीजवळ एक टेबल होतं. वेगळा नळ, बारीक ब्रशांची मांडणी, एक स्टूल. तिथे मुकादमांची बायको बसायची. तिची त्यांची ओळखच या विभागातली. नळ्या तिच्याइतक्या निगुतीने कोणी धुवायचं नाही, म्हणून ते सेट तिच्याकडेच जायचे. ती गेल्यावर मुकादम कामावर परतले तेव्हा कोणीतरी विचारलं होतं, नळ्यांचं आता काय करायचं? ते म्हणाले होते, "राहू द्या, मी बघतो." तेवढंच. तेव्हापासून ते बघत होते. सकाळी कामं वाटणं, थिएटरमध्ये फेरी, नव्या माणसांना बघणं, हे सगळं उरकलं की दुपारी ते त्या स्टुलावर बसायचे. आपल्या हातून जातात ते थोडेच, बाकीचे सेट सकाळीच कोणीतरी उरकतं, असं ते धरून चालले होते. दिवसातला तेवढाच वेळ त्यांना बरं वाटायचं. त्या टेबलाकडे कोणी फिरकायचं नाही. त्यांना वाटायचं, माणसं कामात आहेत. माणसं त्यांना जपत होती.

ते केबिनमध्ये गेले, कॉम्प्युटर लावला आणि एक रकाना उघडला. तो त्यांनी आजवर उघडला नव्हता, कारण गरज वाटली नव्हती. धुणाऱ्याचा नंबर. दुर्बिणीच्या सेटच्या ओळी वरपासून खालपर्यंत सरकवत नेल्या. सगळीकडे एकच नंबर होता. त्यांचा.

त्या संध्याकाळी त्यांनी चहा घेतला नाही. लॅपटॉप समोर होता, पण हात मांडीवर होते. लेक येऊन शेजारी बसली. त्यांनी तिला सगळं सांगितलं.

"हे सेट चित्रातून वगळता येतात का गं?"

"येतात. एका क्लिकचं काम आहे."

"वगळले तर?"

"तर तुमचा विभाग सगळ्यांत चांगला दिसेल. मॅडमना कदाचित कळणारही नाही." ती थांबली. "ऑपरेशनं मात्र पुढे ढकलली जातच राहतील."

सासूबाई दारात उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे.

"ती काय त्या टेबलाला चिकटून बसणारी होती का?" त्या म्हणाल्या. "सुट्टीचा दिवस आला की आधी पळायची. पाठ मोडते म्हणायची त्या स्टुलावर. तुम्हाला नाही का बोलली कधी?"

"बोलायची," मुकादम म्हणाले. "रोज बोलायची."

"मग?"

सासूबाईंनी उत्तराची वाट बघितली नाही. त्यांनी चहाचा कप आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि त्या लेकीला घेऊन आत गेल्या. डोळे पुसायला मुकादमांनी खिशातला रुमाल काढला आणि नंतर त्याच रुमालाने चष्माही पुसला. मग माउस हातात घेतला आणि चित्र पूर्ण केलं. एकही सेट वगळला नाही.

महिनाअखेरची बैठक त्याच खोलीत झाली. या वेळी भिंतीवरचं चित्र मुकादमांनी लावलं. सुरुवात घरच्या बाथरूमच्या नोंदीपासून केली, मग जुने खांब दाखवले, मग चहाची गोष्ट सांगितली. मॅडमना हसू आवरेना. मग भिंतीवरचा स्कॅनर, मग नवे खांब. मुकादमांचा आवाज स्पष्ट होता. कुठे अडखळले नाहीत. रोज सकाळी माणसांना कामं वाटावीत तसं त्यांनी मॅडमना एकेक बाण वाटला.

"आणि हा?" मॅडमनी उरलेल्या उंच भागाकडे बोट दाखवलं.

"दुर्बिणीचे सेट. सकाळी येतात, दुपारपर्यंत पडून राहतात. मग धुतले जातात."

"दुपारपर्यंत का?"

"कारण ते एकच माणूस धुतो आणि त्याला सकाळी सवड नसते."

"कोण?"

"मी."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना हॉस्पिटलमध्ये येऊन वर्षच झालं होतं. खिडकीजवळच्या टेबलाची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती आणि मुकादमांनी ती सांगितलीही नाही. ते बैठकीत सांगायचं नव्हतं.

"दुसऱ्या कोणाला येत नाही हे काम?"

"मी शिकवलं नाही म्हणून येत नाही. शिकवलं की येईल. माझी माणसं हाताची चलाख आहेत. बाहेरच्या कंपनीला आमच्या नळ्या कळायला वर्ष जाईल. माझ्या माणसांना आठवडा पुरे."

"आठवडा? नक्की?"

"नोंदी तुमच्याकडेच आहेत. रोज बघा. हा खांब उतरला नाही तर बोलवा कंपनीला, मी तोंड उघडणार नाही."

मॅडमनी समोरची कंपनीची फाइल उचलली आणि मागच्या कपाटावर ठेवली. "महिनाभर तिथे राहू दे," त्या म्हणाल्या. "आणि मुकादम, बाथरूमचं ते जे सांगितलंत ना सुरुवातीला, ते पॅकिंगवाल्यांनाही एकदा समजावून सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग मोडल्यावर मुकादमांनी लांब्या आणि बोलकीला थांबवून घेतलं. दुर्बिणीचा सेट नुकताच येऊन पडला होता. त्यांनी तो उचलला आणि खिडकीजवळच्या टेबलावर नेऊन ठेवला. दोघं चार पावलं मागेच उभे.

"या इकडे. चावत नाही ते टेबल."

"मुकादम, पण वहिनींचं..." लांब्या म्हणाला.

"हो. तिचंच आहे. बस."

लांब्याला स्टूल पुरेना. त्याचे गुडघे टेबलाला लागले. शेवटी बोलकी बसली आणि लांब्या तिच्या खांद्यावरून बघत राहिला. मुकादमांनी नळीचे भाग सुटे करून दाखवले. ब्रश पाण्याखालीच फिरवायचा, वर काढला की शिंतोडे उडतात. एका टोकाने आत, दुसऱ्या टोकाने बाहेर, आणि बाहेर आलेला ब्रश स्वच्छ दिसेपर्यंत परत परत.

बोलकीने नळी हातात घेतली. काम सुरू करताक्षणी तिचं तोंडही सुरू झालं. शेजारणीची मांजर, नवऱ्याचा नवा फोन, सगळं ओळीने. मुकादमांची बायको या टेबलावर एक शब्द बोलायची नाही. ती ब्रश नेहमी जाड टोकाकडून घालायची. बोलकीने बारीक टोकाकडून घातला.

मुकादमांचा हात पुढे गेला. मग त्यांनी तो मागे घेतला.

"झालं?" बोलकीने नळी त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी नळी खिडकीकडे करून एक डोळा मिटून आत बघितलं. आतून लख्ख होती. पलीकडच्या टोकाला आभाळाचा पांढरा ठिपका दिसत होता.

"झालं. दुसरी घे," ते म्हणाले. मग लांब्याला, "तू पुढचा सेट कर. स्टूल वर्कशॉपमधून तुझ्या मापाचं माग."

थिएटरच्या फेरीची वेळ झाली होती. मुकादमांनी हात धुतले, पुसले आणि ते निघाले. मागे बोलकी लांब्याला सांगत होती, "अरे तसं नाही, बाजूला हो, मी शिकवते."